सात बाय सत्तावन्न

बर्‍याच दिवसांनी लिहायला बसलोय. मधल्या काळात दोन-तीन जणांनी "आहेस कुठे?" म्हणून विचारलं, सांगलीच्या मावशीने तर थेट फोनच केला. तिला म्हटलं, "मावशी, एका रायफलीसाठी काडतूस निवडत होतो." पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाली, "तुझ्या आईला माहीत आहे का हे?"

माहीत आहे. आईला सगळं माहीत आहे. किंबहुना या प्रकरणात खरा प्रश्न तिनेच विचारला. पण ते पुढे.

आम्ही राहतो पेनसिल्व्हेनियाच्या मध्यावर, डोंगर आणि मक्याची शेतं यांच्या अध्येमध्ये. कुंपणापलीकडे पॅपचं घर. या भागात आजोबांना 'पॅप' म्हणतात. ते आमचे कोणी लागत नाहीत, पण धाकटी रांगायला लागली ती त्यांच्या गोठ्यात, त्यामुळे ती त्यांना पॅप म्हणते आणि म्हणून आम्ही सगळेच. वय ८४. त्यांचे वडील १९४५ साली जर्मनीहून सैनिक म्हणून परतले ते एक माउझर रायफल घेऊन. पुढे तिचा लष्करी दस्ता कापून शिकारीची रायफल केली गेली, बरीच वर्षं वापरली गेली, आणि मग नळी आतून गंजून खड्डे पडले तेव्हा तेलकट फडक्यात गुंडाळून कपाटात गेली.

पॅपच्या डोळ्यांचा पडदा गेली काही वर्षं खराब होतोय. कडेचं दिसतं, मधलं नाही. समोरच्याचे कान दिसतात, चेहरा नाही, असं ते स्वतःच हसत सांगतात. गेल्या मार्चमधे एका संध्याकाळी ते ते फडकं घेऊन आमच्याकडे आले. म्हणाले, "नळी टाकून द्या, दस्ता टाकून द्या. पण ही अ‍ॅक्शन तिची."

ती म्हणजे आमची धाकटी, वय १५. दोन हंगाम ती त्यांच्याबरोबर रानात थर्मास धरून बसली होती, राज्याचा शिकार-सुरक्षेचा अभ्यासक्रमही पास झाली होती. मला वाटलं होतं हे फॅड आहे, जाईल. गेलं नाही.

*

आता ज्यांना या विषयातलं काही माहीत नाही (मलाही नव्हतं) त्यांच्यासाठी थोडक्यात. अ‍ॅक्शन म्हणजे रायफलीचा जीव. नळी आणि दस्ता सोडून जे उरतं ते : बोल्ट, तो ज्यात सरकतो तो पोलादी सांगाडा, आणि खाली काडतुसं ठेवायचा कप्पा. पाउल माउझरची ही रचना जर्मन सैन्याने १८९८ साली घेतली. बोल्टच्या तोंडाशी दोन भक्कम कान, जे स्फोटाचा सगळा भार घेतात, आणि मागे आणखी एक, न जाणो पुढचे तुटलेच तर. काडतूस कप्प्यातून वर आलं की एक लांब पोलादी नखी त्याची कड पकडते आणि रिकामं होऊन बाहेर फेकलं जाईपर्यंत सोडत नाही. अमेरिकन सैन्याने १८९८ च्या क्यूबाच्या लढाईत स्पॅनिश लोकांच्या हातातल्या माउझरांचा मार खाल्ला आणि मग स्वतःची १९०३ ची रायफल करताना त्यातलं इतकं उचललं की माउझर कंपनीला रॉयल्टी द्यावी लागली. आजही चांगल्या शिकारी रायफलींमधे हीच रचना दिसते. म्हणून लोक जुन्या लष्करी अ‍ॅक्शन शोधून त्यावर नवी नळी, नवा दस्ता चढवतात.

आणि नवी नळी म्हटली की पहिला प्रश्न : कुठल्या काडतुसाची?

मी इंजिनियर. त्याच रात्री एक्सेल उघडलं. :)

गंमत अशी की या अ‍ॅक्शनच्या बोल्टचं तोंड ज्या मापाचं आहे, म्हणजे साधारण १२ मिलिमीटर, त्याच बुडाची अर्धा डझन प्रसिद्ध काडतुसं आहेत. मूळचं जर्मन ८ बाय ५७, त्याचं भावंड ७ बाय ५७, अमेरिकन सैन्याचं १९०६ चं .३०-०६ (इथे 'थर्टी-ऑट-सिक्स' म्हणतात), त्यावरूनच १९२५ साली निघालेलं .२७०, १९५२ चं .३०८, आणि ७ बाय ५७ चीच मान आवळून केलेलं .२५७ रॉबर्ट्स. मी प्रत्येकाचा वेग, गोळीचं वजन, ऊर्जा, बंदुकीचा धक्का, दुकानात मिळतं की नाही असे रकाने केले. ऑफिसातल्या एकाने मॅग्नम सुचवलं. त्याचं बूड जाड, त्यासाठी बोल्टचं तोंड आणि कप्प्याच्या वरच्या कडा कापाव्या लागतात. ते मी लगेच खोडलं. उरलेल्यांत .३०-०६ सगळ्यांवर मात करून वर आलं. कुठल्याही खेड्यातल्या दुकानात मिळतं, हरणापासून अस्वलापर्यंत सगळ्याला चालतं, आणि पॅप स्वतः गेली साठ वर्षं तेच वापरतात. पॅप म्हणाले, "अर्थातच थर्टी-ऑट-सिक्स. यात विचारायचं काय?"

खरं सांगायचं तर मलाही तेच हवं होतं. मोठं, नावाजलेलं, आकड्यांत वरचढ. आपली लेक, परका देश, सगळी पोरं हेच वापरणार, मग आपलीच का मागे? असा काहीसा बापाचा अहंकार त्यात होता हे आता कबूल करायला हरकत नाही.

*

गावापासून तासाभरावर एक म्हातारे बंदूक-कारागीर आहेत. त्यांच्याकडे अ‍ॅक्शन नेली. त्यांनी आधी ती पूर्ण उघडली, रॉकेलने धुतली आणि बारीक दिवा आत घालून बोल्टचे कान जिथे टेकतात त्या जागा पाहिल्या. का, तर त्या काळचं पोलाद साधं कमी कार्बनचं, त्याला वरून केस हार्डनिंग केलेलं. म्हणजे वर पातळ कडक कातडी, आत मऊ, चिवट गाभा. कातडी नीट नसेल तर हजारो धक्क्यांनी कान समोरच्या पोलादात हळूहळू रुततात, काडतुसामागची फट वाढते, आणि अशी अ‍ॅक्शन भंगारात टाकायची.

हे ऐकताना मी एकदम कोल्हापूरला, उद्यमनगरात, अण्णांच्या वर्कशॉपमधे पोचलो. ऑइल इंजिनांचे सुटे भाग, केस हार्डनिंगहून आलेले गिअर, कापडाने पुसून एकेकावर कानस फिरवून बघणारे अण्णा. कानस घसरली तर माल पास. मी बारा-तेरा वर्षांचा असेन. ड्रिल मशीनपाशी उभा राहून सगळ्यात मोठं ड्रिल उचलायचो. अण्णा लांबूनच ओरडायचे, "काम काय हाय त्ये बघ आधी, मग ड्रिल उचल!"

आमची अ‍ॅक्शन पास झाली. रिसीव्हरवर १९३८ चा ठसा होता, म्हणजे युद्धाच्या शेवटी घाईघाईत केलेल्या मालातली नव्हे. कारागिरांनी कडकपणा तपासला, टेकायच्या जागांवर ओरखडाही नव्हता. पण .३०-०६ म्हटल्यावर ते जरा थांबले. "करून देईन. खूप जणांनी केल्यात. पण काडतूस या कप्प्यात अगदी अंगासरशी बसतं, थोडं घासावं लागेल. आणि माउझरने हा कप्पा आणि त्याच्या कडा एका विशिष्ट काडतुसाच्या जाडीवरून आणि उतारावरून बेतल्या होत्या. हिला जे काम करायला बनवलं तेच काम दिलंत तर ती रेशमासारखी चालेल."

माझा पुढचा प्रश्न साहजिक होता. मग मूळचं ८ मिलिमीटरच का नको? त्याचं उत्तर मजेशीर आहे. सुरुवातीच्या १८८८ च्या जर्मन रायफलींत गोळी थोडी बारीक होती, पुढे १९०५ च्या सुमारास जाड झाली. कोणी जाड गोळी जुन्या नळीत घातली तर अनर्थ, म्हणून अमेरिकन कारखाने आजही ८ मिलिमीटरची काडतुसं मुद्दाम अगदी सौम्य भरतात. जर्मन मापाचा दाब हवा तर युरोपातला माल शोधा.

७ बाय ५७ चं मात्र तसं नाही. १८९० च्या दशकातलं हे काडतूस. टोपणाची लांबी तीच ५७ मिलिमीटर, अंग जवळजवळ तेच, फक्त गोळी ७ मिलिमीटरची. कप्प्याला हात लावायची गरज नाही. अमेरिकन मापदंडात याचा कमाल दाब चौरस इंचाला ५१,००० पौंड, .३०-०६ चा ६०,०००, .२७० चा ६५,०००. ऐंशीहून जास्त वर्षांच्या पोलादाला तेवढाच आराम.

घरी येताना गाडीत धाकटीने अ‍ॅक्शन मांडीवर घेतली होती. "बाबा, यावर स्वस्तिक आहे," ती म्हणाली. होतं. गरुडाच्या पायाखाली, तीळभर. नाझी जर्मनीच्या तपासनिसांचा शिक्का. आमच्या उंबर्‍यावरच्या आणि या स्वस्तिकात जे अंतर आहे ते तिला शाळेत दर वर्षी कोणाला तरी समजावून सांगावं लागतं. घासून टाकायचं का, असं तिने पॅपना विचारलं. ते म्हणाले, "माझ्या बापाने ती ज्यांच्याकडून काढून घेतली, त्यांचा शिक्का आहे तो. राहू दे. काढून घेतली हे लक्षात राहील."

*

आई हिवाळ्यात पुण्याला आणि उन्हाळ्यात आमच्याकडे असते. गळ्यात तुळशीची माळ, आषाढी-कार्तिकीचा उपास, अंडंसुद्धा घरात वेगळ्या भांड्यात. मला वाटलं होतं हे कळल्यावर आता महाभारत. तसं काही झालं नाही. एके दिवशी मी जेवणाच्या टेबलावर एक्सेल उघडून बसलो होतो, ती शेंगा सोलत होती. म्हणाली, "एक विचारू? त्या जिवाला कळतं का रे?"

मी सुरू झालो. अमुक वेग, तमुक ऊर्जा, शंभर यार्डांवर इतकी उरते...

तिने हात वर केला. "ते तू बंदुकीचं सांगतोस. मी हरणाचं विचारतेय."

मला उत्तर देता आलं नाही. सगळ्या रकान्यांत हरीण कुठेच नव्हतं. पुढचे दोन दिवस मी त्या दृष्टीने वाचलं, पॅपना विचारलं. निष्कर्ष अगदी साधा निघाला. गोळी हृदय-फुफ्फुसांच्या जागी, म्हणजे ताटाएवढ्या जागेत बसली, तर हरीण काही सेकंदांत शुद्ध हरपतं. नाही बसली, पोटात किंवा पायाला लागली, तर तासन्‌तास हाल. आणि ती कुठे बसते हे ठरवतं काडतुसापेक्षा जास्त ते चाप ओढणारं बोट. जे काडतूस त्या बोटाला घाबरवतं ते कितीही ताकदवान असलं तरी चुकीचं. आणि उलट, धक्का नको म्हणून फारच हलकं घेतलं तर तोही क्रूरपणाच.

डब्ल्यू. डी. एम. बेल नावाच्या स्कॉटिश शिकार्‍याने आफ्रिकेत याच ७ बाय ५७ ने शेकडो हत्ती मारले. आज वाचताना अंगावर काटा येतो, पण मुद्दा एवढाच की तो हत्तीची शरीररचना पाठ करून बसला होता आणि त्याची गोळी जिथे लावायची तिथेच लागायची.

*

मे महिन्यात पॅपच्या शेतामागच्या बांधावर निशाणाला गेलो. मातीचा उंच ढीग, शंभर यार्डांवर कागद, कानावर मफ. रायफल पॅपची, .३०-०६, गोळी १८० ग्रेनची म्हणजे साधारण ११.७ ग्रॅमची. आधी मी. पॅप पाठ करून एकेक काडतूस भरून देत होते. पहिल्या गोळीलाच खांद्यावर गाढवाने लाथ मारावी तसं झालं, पण लेक बघत होती म्हणून "काही विशेष नाही" असा चेहरा ठेवला. पाचव्यानंतर सहाव्याला चाप ओढला आणि... टक्‌. काहीच नाही. पॅपनी गुपचूप दारू नसलेलं खोटं काडतूस भरलं होतं. आणि काही आवाज नाही, धक्का नाही, तरी माझी नळी चक्क वीतभर खाली गेली होती! धाकटी पोट धरून हसली. धक्क्याच्या भीतीने शरीर आधीच दचकतं, आपल्याला पत्ताही लागत नाही.

मग तिची पाळी. उंची पाच फूट एक इंच, दस्ता तिच्या हाताला लांब. तीन खरी, मग खोटं, मग एक खरं, पुन्हा खोटं. पहिल्या खोट्याला नळी थोडी हलली. दुसर्‍याला तिने डोळे मिटलेले मला स्पष्ट दिसले. पॅपनी विचारलं, "कसं वाटतंय?" ती लगेच म्हणाली, "मस्त! काही त्रास नाही." मला तिचा सूर ओळखू येतो. तिला पॅपचं मन मोडायचं नव्हतं.

पॅप माझ्याकडे वळले. त्यांना नळी दिसत नव्हती, दिसणं शक्यच नव्हतं. खोटं काडतूस भरणारा माणूस तेच बघू शकत नव्हता ज्यासाठी ते भरतात. हळूच म्हणाले, "तिची नळी हलली का?"

खोटं सांगणं किती सोपं होतं म्हणून सांगू... लेक "मस्त" म्हणते आहे, पॅपना हवं तेच होईल, माझं एक्सेलही तेच म्हणतंय, आणि सरावाने सवय होईलच की. पण आईचा शेंगा सोलणारा हात डोळ्यासमोर आला.

"हलली," मी म्हणालो. "आणि डोळे मिटले."

धाकटीने माझ्याकडे असं पाहिलं की बस. पॅप मात्र मान हलवत तिच्या शेजारी बसले. म्हणाले, "मी तुझ्या वयाचा होतो तेव्हा माझेही मिटायचे. कोणी बघितलं नाही. त्यामुळे पहिली तीन हरणं मी जखमी केली. त्यातलं एक सापडलंच नाही. अजून आठवतं."

परत येताना मी त्यांना ७ बाय ५७ बद्दल सांगितलं. १४० ग्रेनची गोळी, सेकंदाला साधारण २,६६० फूट वेग, आमच्या भागातल्या झाडीत शंभर यार्डांपुढे फारसं दिसतच नाही, तिथे हे पुरून उरतं. आणि धक्का .३०-०६ च्या जेमतेम दोन-तृतीयांश. पॅप कुरकुरले, "इथल्या दुकानात मिळत नाही ते." मग मी हुकमाचा पत्ता काढला. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल १९०७ साली जिम कॉर्बेटला जी रिग्बीची रायफल बक्षीस मिळाली, ती माउझरच होती, आणि रिग्बी ज्याला .२७५ म्हणायचे ते काडतूस म्हणजे हेच. (कॉर्बेट जवळ एक जड दुनळीही बाळगायचा, हे मी त्या क्षणी सांगितलं नाही. :) ) पॅपनी 'मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं' लहानपणी वाचलं होतं. बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तळघरात माझं काडतुसं भरायचं यंत्र आहे. पण दारूच्या तराजूवरचा काटा मला आता वाचता येत नाही."

"मी वाचेन," मागून आवाज आला.

*

पुढचं थोडक्यात. २२ इंची नळी, अक्रोडाचा दस्ता, तोही तिच्या हाताच्या मापाने आखूड केलेला. दुर्बिणीसाठी बोल्टची मूठ वाकवून घेतली. दुर्बिणीसकट वजन आठ पौंड. हरणाचं मांस खायचं असतं आणि शिशाचे बारीक कण त्यात राहतात, म्हणून गोळ्या तांब्याच्या. उन्हाळाभर दर शनिवारी दोघं तळघरात : ती काटा वाचायची, ते हाताने यंत्र ओढायचे. खोट्या काडतुसाची परीक्षा तिने ऑगस्टमधे दिली. सहा वेळा टक्‌, सहाही वेळा नळी जागच्या जागी. या वेळी पॅपनी विचारायच्या आत मीच सांगितलं.

इथे पूर्वी हंगाम थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी सुरू व्हायचा, शाळांना सुट्टी असायची. २०१९ पासून शनिवारी होतो. त्या शनिवारी पहाटे आम्ही तिघं बांधाच्या कडेला बसलो, नारिंगी टोप्या, नारिंगी जाकिटं. साडेआठच्या सुमारास दोन माद्या आल्या. पहिली तोंड आमच्याकडे करून उभी होती, धाकटीने बंदूक उचललीच नाही. दहा मिनिटांनी दुसरी आडवी झाली, सत्तरेक यार्डांवर. एक आवाज. मादी चाळीस पावलं गेली आणि पडली.

धाकटी रडली. मला वाटलं होतं रडणार नाही. पॅपनी गुडघ्यावर बसून त्या मादीच्या कातडीवर हात फिरवला, बोटांनी गोळीची जागा शोधली आणि तिथेच हात ठेवून थोडा वेळ थांबले. बोलले काहीच नाही.

संध्याकाळी पुण्याला फोन लावला. तिकडे पहाट होती, आईची काकडआरती नुकतीच झालेली. नातीने सगळं सांगितलं. आईने एकच विचारलं, "कळलं का गं तिला?"

"नाही आजी. मला नाही वाटत."

"बरं," आई म्हणाली. मग जरा वेळाने, "मी तिच्यासाठी पण दिवा लावते आता."

मांस पॅपकडे आणि चर्चच्या अन्नछत्राला गेलं, थोडं धाकटीने खाल्लं. आमच्या घरातली वेगळी भांडी वेगळीच आहेत. मी स्वतः शिकार करणार नाही, तेवढं मला कळलं आहे. पण रायफल कुलपात ठेवताना दर वेळी बोल्ट एकदा मागेपुढे करून बघतो. कारागीर म्हणाले होते तशीच चालते, रेशमासारखी. अण्णांना दाखवायला हवी होती.